वाचकांचे प्रश्न : कुस्ती कोठून आली, कोठवर गेली

गेल्या अंकात याच सदरात गावयात्रेतील कुस्त्यांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना ‘कुस्ती ही आपल्याकडची फार जुनी विद्या आहे’ असे एक वाक्य लिहिले होते. त्या एका वाक्यावर पत्रांचा ओघ सुरू झाला. जुनी म्हणजे किती जुनी, आपल्याकडची म्हणजे नेमकी कोणाची, ती कोल्हापुरातच एवढी का रुजली, परदेशांत तिचे काय झाले, असे वाचकांनी नाना अंगांनी विचारले आहे. त्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर कुस्तीच्या उगमाला आणि प्रसाराला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : कुस्ती महाभारतापासून अखंड चालत आली आहे, असे आमच्या तालमीतील वस्ताद सांगतात. माझा मित्र म्हणतो की कुस्ती मोगलांनी आणली. पैलवान, वस्ताद, तालीम हे सगळे शब्दच मुळी बाहेरचे आहेत. यातले खरे काय मानावे? (एक वाचक, कराड)

उत्तर : दोघांकडेही पुरावा आहे आणि दोघांनीही मधली काही शतके वगळली आहेत. महाभारतात भीम आणि जरासंध यांचे द्वंद्व आहे. कृष्णाने चाणूराला आणि बलरामाने मुष्टिकाला लोळवल्याची कथा हरिवंशात आणि भागवतात आहे. या कथा रचल्या गेल्या त्या काळी मल्लयुद्ध लोकांच्या परिचयाचे होते, राजसभेत त्याला स्थान होते आणि मल्ल हा स्वतंत्र पेशा होता, एवढे त्यांवरून खात्रीने म्हणता येते. परंतु ती द्वंद्वे प्राणांतिक आहेत. जरासंधाची झुंज त्याच्या देहाची दोन शकले झाल्यावर संपते. पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली, हा आजच्या खेळाचा गाभा तेथे नाही. म्हणून केवळ महाभारताकडे बोट दाखवून अखंड परंपरा सिद्ध होत नाही.

त्याहून भक्कम पुरावा आपल्या अगदी शेजारी आहे, आणि तो तालमींत फारसा सांगितला जात नाही याचे मला वाईट वाटते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. सोलापूर, लातूर आणि धाराशिव या आपल्या जिल्ह्यांपासून ते दूर नाही. जुन्या मराठीचा शोध घेणाऱ्यांना हा ग्रंथ चांगलाच ठाऊक असतो, कारण त्यातील गीतांच्या प्रकरणात मराठी ओळी सापडतात. त्याच ग्रंथात मल्लविनोद नावाचे प्रकरण आहे. राजाने पदरी बाळगायच्या मल्लांची वय आणि बळ पाहून त्यात प्रतवारी केली आहे, त्यांना खाऊ काय घालावे हे सांगितले आहे, आणि त्यांच्याकडून कोणती मेहनत करून घ्यावी याची पद्धतशीर मांडणी केली आहे. भारश्रम म्हणजे वजन घेऊन केलेली मेहनत, भ्रमणश्रम म्हणजे चाल, सलिलश्रम म्हणजे पाण्यातील मेहनत, बाहुपेल्लणकश्रम म्हणजे जोडीदाराच्या बाहूंशी बाहू भिडवून केलेली रेटारेटी, आणि स्तंभश्रम म्हणजे खांबावरची कसरत. आजच्या कोणत्याही चांगल्या वस्तादाला ही यादी वाचून दाखवावी. त्याला त्यात परके असे काहीही वाटणार नाही. नऊशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये मल्लविद्येचे शिस्तबद्ध शिक्षण होते, हे येथे पांढऱ्यावर काळे झालेले आहे.

यानंतरचा साक्षीदार परदेशी आहे. पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पायश इ.स. १५२० च्या सुमारास विजयनगरात होता आणि कृष्णदेवरायाची दिनचर्या त्याने लिहून ठेवली आहे. उजाडण्यापूर्वी राजा तिळाचे तेल पितो, अंगभर तेच तेल चोळून घेतो, कमरेला लहानसे वस्त्र तेवढे ठेवून मातीची जड वजने हातांत पेलतो, प्यालेले तेल घामावाटे निघून जाईपर्यंत तलवार फिरवतो आणि मग आपल्या एका मल्लाबरोबर कुस्ती खेळतो. महानवमीच्या उत्सवातील मल्लांचेही वर्णन त्याने केले आहे. मात्र ती झुंज वेगळ्या प्रकारची होती. मल्लांच्या मुठींत टोकदार कडी असत आणि त्यांनी ते एकमेकांना घायाळ करीत. वज्रमुष्टी या नावाने ओळखली जाणारी ही रीत गुजरात आणि कर्नाटकातील ज्येष्ठीमल्लांनी पुढेही जपली. म्हणजे सोळाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेत मल्लविद्येचे एकाहून अधिक प्रकार नांदत होते.

आता आपल्या मित्राच्या म्हणण्याकडे वळू. अकबराच्या दरबाराची बारीकसारीक नोंद ठेवणाऱ्या अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये पैलवानांसाठी स्वतंत्र परिच्छेद लिहिला आहे. इराणी आणि तुराणी (मध्य आशियातील) मल्ल दरबारात आहेत, गुजरातचे तरबेज मल्ल आहेत, त्यांचे वेतन ७० ते ४५० दामांपर्यंत आहे (४० दामांचा एक रुपया होत असे) आणि रोज दोन तुल्यबळ पैलवानांची जोड लावली जाते, असे तो सांगतो. त्यापुढे त्याने दिलेली नावांची यादी मला या साऱ्या प्रश्नातील सर्वांत बोलका पुरावा वाटते. त्या यादीत तब्रीझचा मुहम्मद कुली आहे, बुखाऱ्याचा सादिक आहे, तुराणचा मुहम्मद अली आहे, हबशी हिलाल आहे, आणि त्यांच्याच पंगतीला श्रीराम, कन्हैया, गणेश, बलभद्र आणि बज्रनाथ आहेत. इराणातील झूरखान्यातही, म्हणजे तेथल्या पारंपरिक व्यायामशाळेतही, जमिनीच्या पातळीखाली उतरणारे रिंगण असते, लाकडी मुद्गल असतात, फळीवर हात टेकून जोर काढले जातात आणि उस्तादाचा शब्द अंतिम असतो. अशा दोन घडीव परंपरांचे लोक एकाच ठिकाणी रोज एकमेकांशी भिडत असतील, तर डाव, खुराक, शब्द आणि शिष्टाचार यांची सरमिसळ होणारच.

तेव्हा आजची कुस्ती ही या संगमाची निपज आहे. ती मोगलांनी आणली असे म्हटले तर मानसोल्लासातील आणि गुजरातच्या मल्लांवर अन्याय होतो; ती महाभारतापासून जशीच्या तशी आली असे म्हटले तर तब्रीझ आणि बुखाऱ्याहून येऊन येथल्या मातीत घाम गाळलेल्या माणसांवर अन्याय होतो. आपल्या वस्तादांना हे मान्य करणे जड जाऊ नये. ज्या तालमीच्या देवळीत मारुती असतो, त्याच तालमीत मोहरमचा पंजा बसवण्याची रीत कोल्हापुरात अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

प्रश्न : मल्लखांब हा कुस्तीतून निघाला की स्वतंत्रपणे? (शालेय क्रीडाशिक्षक, दादर)

उत्तर : नावातच मल्ल आहे आणि कामही मल्लाचेच आहे. वर उल्लेखिलेला स्तंभश्रम हा त्याचा जुना लिखित आधार होय. मधल्या काळात ही कसरत मागे पडली आणि तिला पुन्हा उभे करण्याचे श्रेय दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांना परंपरेने दिले जाते. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले, त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिले, तेव्हा तरुण बाळंभटांनी काही दिवसांची मुदत मागून खांबावर मेहनत केली आणि अलीला चीत केले, अशी कथा व्यायामशाळांतून सांगितली जाते. कथेचा तपशील कसाही असो, खांबाचा उपयोग उघड आहे. एरंडेल तेल चोळलेल्या गुळगुळीत लाकडाला मांडी आणि काख यांची मिठी घालून अंगाचा भार पेलायचा, म्हणजे जो प्रतिस्पर्धी हातातून निसटू पाहतो त्याला धरून ठेवण्याचीच ती तयारी असते. पुढे मात्र ही विद्या मल्लांपुरती राहिली नाही. मराठी व्यायामशाळांनी ती शाळकरी मुलामुलींपर्यंत नेली आणि २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर तिची पहिली जागतिक स्पर्धा भरली.

प्रश्न : बौद्ध भिक्खूंनी भारतातील मल्लविद्या चीन-जपानकडे नेली आणि तिच्यातून जुजुत्सू व ज्युदो निर्माण झाले, असे समाजमाध्यमांवर वारंवार वाचायला मिळते. हे कितपत खरे आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हे विधान ऐकायला गोड आहे, पण त्याला आधार नाही. जपानच्या इ.स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिवृत्तात नोमी नो सुकुने आणि ताइमा नो केहाया या दोघांच्या झुंजीची कथा आहे आणि सुमो आपला उगम तिच्याशी जोडतो. जुजुत्सूच्या जुन्या घराण्यांपैकी ताकेनोउची घराणे आपला आरंभ १५३२ मध्ये मानते. लढाईत शस्त्र हातून गेल्यावर शत्रूला आवळून जखडण्याच्या गरजेतून सामुराईंनी ही विद्या घडवली. ज्युदो तर अगदी अलीकडचा आहे. जिगोरो कानो या शिक्षकाने तेन्जिन शिन्यो आणि किटो या दोन घराण्यांचे शिक्षण घेऊन, त्यांतील धोक्याचे प्रकार बाजूला काढून, १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था स्थापन केली. त्याच कोदोकानचा मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलमध्ये पोहोचला, त्याच्याकडून ग्रेसी कुटुंबातील कार्लोस शिकला, आणि आज जगभर पसरलेले ब्राझिलियन जुजुत्सू त्यातून उभे राहिले. या साखळीतील प्रत्येक कडी माणसाच्या नावानिशी दाखवता येते. भारताकडून जपानकडे जाणारी तशी एकही कडी दाखवता येत नाही.

माणसाने माणसाला धरून पाडणे ही गोष्ट कोणा एका देशाची मालमत्ता नाही. इजिप्तमध्ये बेनी हसन येथील एका थडग्याच्या भिंतीवर सुमारे चार हजार वर्षांपूर्वी रंगवलेल्या मल्लांच्या दोनशेहून अधिक जोड्या आहेत. दोन्ही मल्ल ओळखू यावेत म्हणून चित्रकाराने एकाचा वर्ण गडद आणि दुसऱ्याचा फिका ठेवला आहे. त्या जोड्यांतील काही पकडी आपल्याकडच्या पैलवानाला सहज ओळखता येतील. तरीही इजिप्तकडून आपण कुस्ती घेतली असे कोणी म्हणत नाही. शरीराची रचना सगळीकडे सारखी असल्याने पकडीही सारख्या सुचतात. विद्येचा प्रवास सिद्ध करण्यासाठी साम्य पुरत नाही, माणसे दाखवावी लागतात. आपल्या कुस्तीला स्वतःचा एवढा इतिहास असताना तिला उसन्या मोठेपणाची गरज काय?

प्रश्न : पुण्यात पेशव्यांच्या काळापासून तालमी आहेत, सांगली-साताऱ्यात पैलवान आहेत, मग कुस्तीची पंढरी म्हणून कोल्हापूरचेच नाव का घेतले जाते? (एक वाचक, इचलकरंजी, याच आशयाची पत्रे बेळगाव आणि पुणे येथूनही)

उत्तर : याचे कारण एका माणसात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला आणि १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुस्तीसाठी जे केले त्याला राजाश्रय हा शब्दही अपुरा पडावा. पैलवान पदरी ठेवणारे राजे हिंदुस्थानात पुष्कळ होते; दतियाच्या आणि पतियाळाच्या महाराजांनी फार मोठे पैलवान पोसले. शाहू महाराजांचे वेगळेपण असे की त्यांनी पैलवानांबरोबर तालमी उभ्या केल्या, तालमींबरोबर मैदान बांधले, आणि मैदानाबरोबर कुस्ती पाहणारा जाणता प्रेक्षक घडवला. ते स्वतः तालमीत घडलेले होते. उत्तरेकडील, विशेषतः पंजाबातील, नावाजलेल्या मल्लांना त्यांनी कोल्हापुरात बोलावले. त्यामुळे येथल्या पोरांना उत्तरेची कुस्ती केवळ ऐकावी लागली नाही, ती अंगावर घ्यायला मिळाली. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावे त्या काळापासून आजवर टिकून आहेत, आणि वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले एकाच हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, उतरत होती ही गोष्ट त्या काळाचा विचार करता लहान नव्हती.

खासबाग मैदानाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण असे मैदान दुसरे नाही. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले असता त्यांनी युरोपही पाहिला. रोममधील जुन्या रिंगणाने त्यांच्या मनात घर केले आणि परतल्यावर तसेच मैदान कुस्तीसाठी बांधण्याचा ध्यास त्यांनी घेतला. १९१२ मध्ये ते पुरे झाले. जमीन खोलगट करून मध्यभागी हौदा आणि त्याच्याभोवती चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना आहे. मध्ये एकही खांब नाही. अगदी वरच्या, शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही हौद्यातील पैलवानाचा पाय कोठे आहे हे दिसते, आणि कुस्तीत सारे काही पायाच्या जागेवर अवलंबून असते. उद्घाटनाच्या मोठ्या कुस्तीत गामाचा भाऊ इमामबक्ष याने गुलाम मोहिउद्दीनवर विजय मिळवला.

हौद्याची मातीही नुसती माती नसते. तांबडी माती चाळून घेतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर मिसळतात, आणि रोज पहाटे पोरे फावड्याने ती उकरून भुसभुशीत करतात. हौदा उकरणे हीच दिवसाची पहिली मेहनत. खांदे, पाठ आणि मनगटे तेथेच तापतात. लढतीपूर्वी पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, कारण घामाने निसरड्या झालेल्या अंगावर तिच्यामुळे पकड बसते. हळदीने खरचटणे लवकर भरते, असे वस्ताद सांगतात. नवख्या माणसाला या मातीचा आंबूस वास आधी चमत्कारिक वाटतो, आणि त्याच वासावर जुना पैलवान हौदा ताजा आहे की शिळा ते सांगतो.

महाराजांच्या पश्चात ही परंपरा टिकली याची कारणे मात्र वेगळी आहेत. या भागात दूधदुभते मुबलक; गंगावेशीत म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध पाजण्याची रीत प्रसिद्धच आहे. संस्थाने विलीन झाल्यावर सहकारी साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन देण्यास आणि मैदाने भरवण्यास सुरुवात केली. आणि गावोगावच्या यात्रांनी, ज्यांत नारळावरच्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या जोडीपर्यंत दिवसभर हलगी वाजत राहते, नव्या पैलवानाला लोकांसमोर उभे राहण्याची सवय लावली. सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि सीमेपलीकडचे बेळगाव या साऱ्या पट्ट्यात कुस्ती पसरली ती या यात्रांच्या वाटेने. बेळगावच्या वाचकाने तक्रारीच्या सुरात लिहिले आहे की आमचे नाव कोणी घेत नाही. त्यांचे म्हणणे रास्त आहे.

प्रश्न : आपल्या कुस्तीचा परदेशांवर काही परिणाम झाला का? गामा पैलवान लंडनला गेला होता एवढेच ऐकून आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गामा १९१० मध्ये, धाकटा भाऊ इमामबक्ष आणि आणखी काही मल्लांसह, लंडनला गेला. त्याची उंची बेताची, त्यामुळे तेथील आयोजकांनी आधी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. मग त्याने उघड आव्हान दिले, अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला सहज हरवले आणि १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडच्या स्टॅनिस्लाउस झिबिस्को याच्याशी त्याची लढत झाली. ती अडीच तासांहून अधिक चालली. झिबिस्को आरंभीच पोटावर पालथा पडला आणि बहुतेक सारा वेळ तसाच जमिनीला चिकटून राहिला. पालथ्या पडलेल्या माणसाला उलथून पाठीवर आणण्याची गामाची धडपड त्या दिवशी फळाला आली नाही. आठवड्याने पुन्हा लढत ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि गामाने एका मिनिटाच्या आत त्याला अस्मान दाखवले.

या दौऱ्यांनी गामाचे नाव जगभर झाले, पण मातीची कुस्ती परदेशांत रुजली नाही. तेथे रुजली ती आपली मेहनत. तालमीतील मुद्गल आणि करेला (मुद्गलासारखेच लाकडी साधन) पाहून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हलक्या लाकडी गदांचा व्यायाम आपल्या देशात नेला. तेथे तो सैन्यात, शाळांत आणि स्त्रियांच्या व्यायामवर्गांतही शिरला, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अशा गदा फिरवण्याची स्पर्धा जिम्नॅस्टिक्समध्ये समाविष्ट होती. आपल्या बैठका आणि जोर जपानच्या व्यावसायिक मल्लांच्या आखाड्यांत नव्या पोरांची पहिली परीक्षा म्हणून आजही शेकड्यांनी काढून घेतात. आपले डाव जगाने घेतले नाहीत, पण आपला दम घेतला, आणि दम ही कुस्तीतील अर्धी बाजू आहे.

प्रश्न : मातीवर वाढलेल्या पैलवानाचे ऑलिंपिकमध्ये नुकसान होते असे म्हणतात. मग माती बंद करून सगळीकडे गादीच का आणत नाहीत? (माजी पैलवान, पंढरपूर)

उत्तर : आपण स्वतः लाल मातीत उतरलेले आहात, त्यामुळे फरक आपल्याला ठाऊकच आहे, इतर वाचकांसाठी तो सांगतो. मातीत पाय रुततो. एकेरी पट काढायला जाताना, म्हणजे खाली झेपावून समोरच्याचा एक पाय उचलताना, मागच्या पायाला जोर मिळायला क्षणभर वेळ लागतो. म्हणून मातीतील पैलवान आधी खडाखडी करतो, मनगट आणि मान जोखतो, समोरच्याला थकवतो, आणि मग डाव टाकतो. गादीवर बूट घट्ट बसतो आणि तोच पट डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघतो. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते, मग अर्धा तास लागो की अधिक. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि प्रत्येक पकडीला गुण. वजनगट हाही जुन्या मैदानांना नवखा प्रकार होता. तेथे जोड वस्तादांच्या नजरेने ठरे.

खाशाबा जाधवांची हकिकत येथे आठवते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा आंतरराष्ट्रीय नियमांची गादी त्याला नवी होती. तरी फ्लायवेट गटात तो सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. जपानच्या शोहाची इशीईशी झालेल्या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर त्यांना नियमाप्रमाणे विश्रांती न मिळताच सोव्हिएत मल्लासमोर उभे राहावे लागले आणि त्यांची बाजू मांडायला तेथे भारतीय अधिकारी नव्हता, असे सांगितले जाते. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक पदकासाठी १९९६ पर्यंत आणि कुस्तीतील पदकासाठी २००८ पर्यंत थांबावे लागले. हे नुकसान मातीमुळे झाले, असे मी म्हणणार नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने या दोघांनीही सुवर्णपदके आणली, आणि ते दोघे तालमीच्या मातीतूनच आलेले होते. मातीने दम, मान आणि पकड दिली. उणीव होती ती गादीची, मार्गदर्शकांची, परदेशी सरावाची आणि पैशाची.

राज्य कुस्तीगीर परिषदेने यावर काढलेला मार्ग मला योग्य वाटतो. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या परिषदेने १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू केली. तिच्यात माती आणि गादी असे दोन विभाग ठेवले जातात आणि दोन्ही विभागांचे विजेते मानाच्या गदेसाठी एकमेकांशी लढतात. बीड जिल्ह्यातून आलेला राहुल आवारे मातीतून गादीवर गेला आणि त्याने २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण व २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले. तेव्हा लहान वयात माती आणि चौदा-पंधराव्या वर्षापासून तिच्या जोडीला गादी, हा क्रम ठेवावा. हौदे बुजवले तर यात्रांची कुस्ती जाईल, आणि यात्रा गेल्या तर खेड्यातील मुलगा तालमीपर्यंत येणारच नाही.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी कुस्ती शिकायचे म्हणते. घरातील वडीलधारे म्हणतात की तालमीत बाईमाणसाने पाऊल टाकू नये, अशी परंपराच आहे. काय करावे? (एक आई, सांगली जिल्हा)

उत्तर : पुष्कळ तालमींत ही बंदी होती आणि काही ठिकाणी ती अजूनही पाळतात, हे खरे आहे. परंतु स्त्रियांनी कुस्ती खेळलीच नाही, हे खरे नाही. १९५० च्या दशकात उत्तर प्रदेशातील हमीदा बानू पुरुष पैलवानांशी जाहीर लढती खेळत असे. १९५४ मध्ये बडोद्यात तिने बाबा पैलवानाला एक मिनिट ३४ सेकंदांत हरवले. त्याच काळात पुण्यातील तिची एक लढत कुस्तीच्या नियामक संघटनेच्या आक्षेपामुळे रद्द करावी लागली. म्हणजे तिची वाट अडवली ती माणसांनी, आणि माणसांनी घातलेली अडसर माणसांनाच काढता येते. २००४ पासून ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती आहे, २०१६ मध्ये साक्षी मलिकने कांस्यपदक जिंकले, आणि २०२३ मध्ये आपल्याच सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा होऊन प्रतीक्षा बागडीने गदा उचलली.

आपल्या मुलीचे वय अगदी योग्य आहे. जवळच्या कुस्ती केंद्रात मुलींसाठी वेगळी वेळ आहे का, कपडे बदलण्याची बंदिस्त जागा आहे का, प्रशिक्षक मुलींना नियमित शिकवतात का आणि सरावाला तिच्या वजनाची जोडीदार मिळेल का, या चार गोष्टी प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात. पहिली दोन वर्षे कोलांट्या, पडण्याची सवय, मानेची मजबुती आणि लवचीकपणा यांवर भर असावा. वजन कमी करण्यासाठी या वयात उपाशी ठेवणारा प्रशिक्षक असेल तर तेथून मुलीला काढावे. घरातील वडीलधाऱ्यांना एकदा सोबत घेऊन जावे आणि सराव संपेपर्यंत बसवावे.